डुगडुगणारी खुर्ची: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आज खुर्ची माळ्यावरून उतरवून कामाच्या टेबलावर घेतली. सागवानी, हातांची, वेताच्या बैठकीची. आजोबा हिच्यात बसून वाचायचे. त्यांच्याकडे ती कुठून आली हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. बसलं की डुगडुगते म्हणून वर टाकली होती. वेत फाटलाय, पाठीची वरची वाकदार पट्टी तडकलीय, उजव्या हातावर बोटभर लांबीची चीर आहे.

काम असं ठरवलंय: खुर्ची पूर्ण खोलायची, मोडलंय तेवढंच बदलायचं, परत जोडायची. शिवाय हात बसावा म्हणून त्याच पद्धतीच्या जोडांचं एक स्टूल नव्याने करायचं. काका (दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकतेय) म्हणाले, "आधी स्टूलाचं बघ गं. खुर्ची काही पळून जात नाही." मला मात्र धीर नाही, आत काय आहे ते बघायचंय.

लाकडी सामानात सगळ्यात जास्त हाल खुर्चीचे होतात. कपाट एका जागी उभं असतं, टेबलावरचं ओझं सरळ खाली उतरतं. खुर्चीवरचा माणूस मात्र हलतो, रेलतो, मागच्या दोन पायांवर झुलतो. तो रेलला की सगळा जोर एकाच ठिकाणी येतो: बैठकीची बाजूची पट्टी जिथे मागच्या पायात शिरते तिथे. माझ्या खुर्चीचे नेमके तेच दोन जोड सुटलेत.

९ जानेवारी

खोलली!

जोडातून डोकावणाऱ्या जुन्या चिकटपदार्थावर गरम पाण्याचा थेंब सोडला, दोन मिनिटांत तो बोटाला चिकटायला लागला. म्हणजे सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो. जीव भांड्यात पडला. सरस कितीही जुना असो, ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. सिरिंजने जोडात गरम पाणी सोडत गेले, वरून ओलं फडकं गुंडाळलं, मध्ये लाकडाचा तुकडा धरून मोगरीने हलके ठोके दिले. बहुतेक जोड कुरकुर न करता निघाले.

अडले ते दोन, आधी कुणीतरी "दुरुस्त" केलेले. मागच्या पायातून आरपार तीन खिळे ठोकलेले होते. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, खिळा जागचा हलत नाही, म्हणून दर वर्षी लाकूडच थोडं थोडं फाटत गेलं. भोवती काळे डागही पडलेत, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) एकत्र आल्यामुळे. मी पकड घेऊन ओढायला गेले तर काकांनी हात धरला. "खिळा ओढू नकोस. आधी त्याच्याभोवतीचं लाकूड मोकळं कर, मग तो आपणहून येईल." तीन खिळ्यांना दोन तास लागले.

आणि मग जे दिसलं त्यासाठी ही नोंद लांबवतेय.

पट्टीच्या टोकाला तासून केलेली जी जीभ दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसते, तिला कुसू म्हणतात. प्रत्येक कुसवावर पटाशीने मारलेल्या बारीक खुणा होत्या. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पायाच्या भोकाशेजारीही तेवढ्याच रेघा. कोणतं कुसू कोणत्या भोकाचं, हे विसरू नये म्हणून. मापाची आखीव रेघ इतकी ताजी, जणू कालच ओढलीय. चार नंबरच्या कुसवाच्या एका अंगाला रंध्यातून निघालेली पातळ ढलपी सरसाने चिकटवलेली होती. म्हणजे खुर्ची करणाऱ्या सुताराचं हे कुसू केसभर सैल झालं होतं. दुसरी पट्टी करण्याऐवजी त्याने ढलपी लावून ते पुन्हा मापात आणलं, आणि जोड बंद झाल्यावर ते कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या जोडांत खिळे नव्हते त्यांतला हा सर्वांत घट्ट निघाला. तो कोण होता ते कळायला काही मार्ग नाही. पण त्या दिवशी त्याने काय केलं, ते मला आज अगदी पायरीपायरीने कळलं.

१० जानेवारी

एकूण १६ तुकडे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, फोटो काढले, कागदावर जागा आखल्या.

हे करताना हेटेफेरेस राणीची आठवण झाली, खुफू या फेरोची आई. १९२५ मध्ये गिझाला तिचं थडगं सापडलं तेव्हा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिच्या खुर्च्या, पलंग, छताचा सांगाडा यांचं लाकूड जवळजवळ भुकटी झालेलं होतं. शाबूत होता तो लाकडावर मढवलेला सोन्याचा पत्रा. कोणता तुकडा कुठे पडलाय हे जागच्या जागी नोंदवून, त्यावरून नव्या लाकडात ते सगळं पुन्हा उभं केलं गेलं. लाकूड गेलं तरी त्याचा आकार नोंदींतून परत आला. माझ्या चिठ्ठ्या त्यापुढे काहीच नाहीत, पण बांधताना हयगय केली नाही.

१५ जानेवारी

स्टूलाची आखणी केली. चार पाय, चार पट्ट्या, आठ कुसवं, आठ भोकं.

संध्याकाळी या जोडाचं वय शोधत बसले. जर्मनीत लाइपझिगजवळ नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांची आतली चौकट ओकच्या फळ्यांची, आणि त्यात कुसू-भोकाचे जोड आहेत, बाहेर आलेल्या टोकात आडवी पाचर ठोकलेले. खोडात दर वर्षी पडणारी वलयं मोजून काळ ठरवला तो सुमारे ७००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे धातूचं हत्यार हाताशी नसताना, दगडी वाकसाने तासून केलेले जोड! मी गेल्या वर्षी धारदार पोलादी पटाशीने पहिलं भोक पाडलं तेव्हा ते चारही बाजूंनी वाकडं होतं.

त्याच्याही फार मागे, झांबियात कलांबो धबधब्यापाशी दोन ओंडके सापडले. वरच्याला खाच पाडून तो खालच्यावर आडवा बसवलेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वय किमान ४,७६,००० वर्षं. आपली जात, होमो सेपियन्स, तेव्हा अजून जन्मालाही यायची होती. लाकडाला खाच पाडून दुसरं लाकूड त्यात बसवायचं, ही कल्पना आपल्याहून जुनी आहे. यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

मग लक्षात आलं की लाकूड टिकतं कुठे? त्या विहिरी आणि ते ओंडके पाण्याने भिजलेल्या मातीत, हवा न पोचल्यामुळे राहिले. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची घडीची खाट राहिली ती कोरड्या थडग्यात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरातला पाळणा आणि कपाटं राहिली ती कोळसा होऊन. फार ओलं, फार कोरडं किंवा जळालेलं. ग्रीकांची क्लिस्मोस खुर्ची, जिचे बाहेर वळलेले पाय इतके डौलदार, ती तर यांपैकी कशातच सापडली नाही. एकही अस्सल नग शिल्लक नाही, ती आपण ओळखतो ती मडक्यांवरच्या चित्रांवरून आणि दगडी शिल्पांवरून.

लाकूड टिकण्याचा चौथा मार्गही आहे: सांभाळणं. जपानमध्ये नारा इथलं होर्यू-जी मंदिर. त्याच्या पॅगोड्याचा मधला खांब ज्या झाडाचा आहे ते इ.स. ५९४ मध्ये तोडलेलं होतं, आणि तो आजही उभा आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत ह्याची गणना होते. ती ना पाण्यात बुडाली ना वाळूत गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या सुतारांनी ती सांभाळली. १९३४ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तीत तर तिथल्या इमारती सुट्या करून, सडलेले भाग बदलून, पुन्हा जोडल्या. जोड सुटतात म्हणूनच हे करता आलं. माझ्या खुर्चीत ते तीन खिळे ठोकणाऱ्याने नेमकी हीच वाट बंद केली होती.

२० जानेवारी

स्टूलाच्या माथ्यासाठी आणलेली फळी रंधून सपाट केली होती. आज दोन दिवसांनी पट्टी ठेवून पाहिलं तर ती मधे ४ मिमी खोलगट झालीय. ओलावा मोजला: १९ टक्के. आधी मोजायला हवा होता, चूक सर्वस्वी माझी.

काकांनी फळीचं टोक पुढे धरलं. "वलयं कशी आहेत बघ. कमानीसारखी. वाळताना ती कमान उलगडायला बघते."

यामागचं गणित सुंदर आहे. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आकसतच नाही. रुंदीला आकसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. हिरवं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या आडव्या दिशेने, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे, सुमारे २.५ टक्के आकसतं, तर वलयांच्या कडेकडेने ५.८ टक्के. दुपटीहून जास्त. या फरकामुळेच फळी वाकते. आकसणं सुरू होतं ते ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावर, म्हणून प्रत्येक टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के. माझी फळी १९ वरून १२ वर येणार, तर ३०० मिमी रुंदीत सुमारे ४ मिमी कमी होणार. आणि पुढेही, घरात ठेवल्यावर, हवेबरोबर दोन-तीन मिलिमीटरची ये-जा आयुष्यभर चालणार.

हे समजलं की जुन्या दारांची रचना कळते. चौकटीला चारही बाजूंनी खोबण, त्यात मधली फळी नुसती सरकवलेली, सरस न लावता. फळी हवी तेवढी रुंद-अरुंद होते, चौकट आपल्या मापात राहते. प्राचीन इजिप्तमध्ये यावर आणखी एक उत्तर काढलं होतं. सक्काराला तिसऱ्या राजवंशाच्या काळातली एक शवपेटी मिळाली, तिच्या भिंती पातळ लाकडाच्या सहा थरांच्या, प्रत्येक थराच्या रेषा आधीच्याला आडव्या. प्लायवूडच की! प्लायवूडला लोक हलकं समजतात, मला ते कधीच पटलं नाही. लाकडाचा स्वभाव नीट ओळखल्याशिवाय ते सुचणार नाही.

फळी पट्ट्यांवर रचून हवेशीर ठेवली. आता वाट बघणे.

२८ जानेवारी

पहिली चार भोकं पाडली.

सकाळचा तास फक्त धारेत गेला. पटाशीची सपाट बाजू निसण्यावर घासत राहायचं, तिच्यात खिडकी दिसेपर्यंत. मग उतरती बाजू. हाताला आलेला बारीक काठ उलट्या बाजूला काढायचा. अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं, घसरली तर अजून धार नाही, रुतली तर आहे.

भोक पाडताना आधी मधोमध खोल जायचं, कडांना शेवटी हात लावायचा. पटाशी रेषांना आडवी धरली की ती तंतू कापते. रेषेला समांतर धरून जोरात ठोका दिला तर पाय उभा फाटतो. ठोका, उचल, ढलपी काढ. साधारण दहाव्या मिनिटाला आवाज बदलतो, कोरडा "टक" जाऊन भरीव होतो, तेव्हा समजायचं की पुरेसं खोल गेलं. काका आवाजावरूनच दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाले, "बास. आता माप घे." २६ मिमी. हवं होतं २५.

५ फेब्रुवारी

पाठीची तडकलेली पट्टी वाचणार नाही असं ठरलं. नवी वाकवावी लागणार. त्यासाठी माझी ती ओली फळीच उपयोगी आली! भट्टीत कडक वाळवलेलं लाकूड वाकवताना तुटतं, थोडी ओल असलेलं वाकतं. तिच्या कडेचा २० मिमी जाडीचा तुकडा काढला.

वाफेच्या पेटीत साधारण पाऊण तास. हिशेब इंचाच्या जाडीला तासभर असा आहे. उष्णतेने तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं, आणि पेटीतून काढल्यावर जेमतेम मिनिटभर मिळतं. पहिला तुकडा साच्यावर अर्धा वाकला आणि बाहेरच्या अंगाने फाटला. लाकूड दाबलं तर बरंच आत जातं, पण ताणलं तर फार थोडं लांबतं.

दुसऱ्या वेळी बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी बांधली, टोकांना घट्ट अडकवून. त्यामुळे बाहेरचं अंग ताणलं जात नाही, सगळं वाकणं आतल्या अंगाच्या दाबावर येतं. ही युक्ती मायकेल टोनेट यांची. बीच लाकडाचे गोल दांडे वाफेवर वाकवून त्यांनी १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली: लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. १९३० पर्यंत अशा ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. कॅफेत बसणाऱ्या साध्या माणसाला इतकी देखणी खुर्ची मिळाली, हे मला राजवाड्यातल्या कोरीवकामापेक्षा मोठं वाटतं. आणि तीही खोलता येते.

तुकडा साच्यातच आहे. आठवडाभर काढायचा नाही, नाहीतर सरळ व्हायला बघतो.

१३ फेब्रुवारी

खुर्चीच्या उजव्या हाताची चीर. ती भरून टाकायची, की दिसू द्यायची? मी फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवली, चिरेला आडवी, दोन्ही टोकं रुंद आणि कंबर बारीक. यामुळे चीर पुढे सरकत नाही.

ही पाचर जॉर्ज नाकाशिमा यांच्या टेबलांमुळे सगळीकडे ओळखीची झाली. मुळात ते वास्तुविशारद. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंड या इमारतीवर त्यांनी काम केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेने त्यांना कुटुंबासह आयडाहोच्या छावणीत डांबलं. तिथे गेंतारो हिकोगावा हे जपानी पद्धतीत तयार झालेले सुतार भेटले, आणि टाकाऊ लाकडावर त्यांच्याकडून नाकाशिमा हातकाम शिकले. पुढे त्यांनी फळीतल्या भेगा लपवल्या नाहीत, पाचरींनी धरून ठेवल्या. छावणीत शिकलेला माणूस भेगेकडे असं बघू लागला, याचा मला विसर पडत नाही.

१८ फेब्रुवारी

जोडणीचा दिवस. पांढरा पीव्हीए गम की सरस, यावर काकांशी बोलले. गम लावायला सोपा, पक्काही आहे. पण एकदा धरला की सुटत नाही. सरस घेतला. दुहेरी भांड्यात साधारण ६० अंशांवर ठेवला, फार तापवला तर त्याचा जोर जातो. वास कडक असतो, सवय होते.

फुटलेल्या भोकांत जुन्याच सागवानाच्या चिपा बसवून ती पुन्हा पाडली होती. चार नंबरच्या कुसवावरची ती ढलपी तशीच ठेवली. नव्या पट्टीच्या कुसवावर मी पटाशीने सात रेघा मारल्या, कारण सहापर्यंत त्या जुन्या सुताराच्या होत्या, आणि पेन्सिलीने आजची तारीख लिहिली.

सरस लावला, आठ मिनिटांत सगळं आत. क्लॅम्प आवळले. कर्ण मोजले: ६१२ आणि ६१५. एक क्लॅम्प किंचित तिरका केला, दोन्ही ६१३ झाले.

२४ फेब्रुवारी

वेत विणला. सहा फेऱ्या: दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या. शेवटच्या तिरक्या फेरीत अष्टकोनी छिद्रं उमटली तेव्हा हात थांबवून बघत राहिले. वेत भिजवून विणायचा, वाळला की आपणच ताणला जातो.

१ मार्च

पॉलिश. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने, पातळ थर. लाखेचे किडे फांद्यांवर जो राळेसारखा पदार्थ सोडतात तो हाच. नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्याच्यात मिसळतो, म्हणून जुनं पॉलिश खरवडावं लागलं नाही.

दोन्ही हातांच्या पुढच्या टोकांना मी पॉलिश लावलं नाही. तिथे आजोबांची बोटं टेकायची, लाकूड गुळगुळीत आणि गडद झालंय. थोडं मेण चोळलं, बाकी हात लावला नाही.

८ मार्च

खुर्चीत बसले. रेलले. मग मुद्दाम मागच्या दोन पायांवर झुलले (काका बघत नव्हते). एक आवाज नाही.

फळी १२ टक्क्यांवर आली, रुंदी ३०४ होती ती ३०० झाली. गणित बरोबर ठरलं! पुन्हा रंधली आणि स्टूलावर बसवली. पट्ट्यांच्या आतल्या खोबणीत लाकडी गुटके अडकवले, स्क्रू फक्त गुटक्यातून फळीत. फळी सरकू शकते, उचलली जात नाही.

आजचं माप, माथ्याच्या खाली पेन्सिलीने लिहिलेलं: रुंदी ३०० मिमी, ओलावा १२ टक्के. शेजारी पुढच्या मापासाठी जागा सोडलीय. हवा दमट झाली की पुन्हा मोजेन.